शाळेत जाणारं मूल आणि डीएनआर आदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांविषयी आहे. बरा न होणारा आजार असलेलं मूल शाळेत जातं आहे, डॉक्टरांनी डीएनआरचा विषय काढला आहे आणि आता शाळेशी काय बोलायचं हे कळत नाही, अशा मराठी आईवडिलांसाठी हे लिहिलं आहे. भारतातून रोज फोन करून धीर देणाऱ्या आजी-आजोबांनाही ते वाचता येईल. नियम राज्यागणिक बदलतात. त्यामुळे वाचून झाल्यावर मुलाच्या डॉक्टरांशी आणि शाळेशी बोलावं लागेलच. त्या बोलण्याला बसताना हाताशी काहीतरी असावं, इतकाच हेतू आहे.

डीएनआर म्हणजे नेमकं काय?

'डू नॉट रिससिटेट' या इंग्रजी शब्दांचं हे लघुरूप. हा डॉक्टरांनी लिहिलेला वैद्यकीय आदेश असतो. मुलाचं हृदय किंवा श्वास थांबला तर छाती दाबणं, पिशवीने किंवा तोंडाने श्वास देणं (म्हणजेच सीपीआर), घशात नळी घालणं, विजेचा शॉक देणं हे उपाय करू नयेत, असं त्यात लिहिलेलं असतं. आईवडील संमती देतात, पण नुसती त्यांची चिठ्ठी म्हणजे डीएनआर नव्हे. सही डॉक्टरांची लागते. काही राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरचीही (जास्तीचं शिक्षण घेतलेल्या, उपचार लिहून देऊ शकणाऱ्या नर्सची) चालते. काही रुग्णालयं त्यालाच डीएनएआर म्हणतात.

म्हणजे शाळेत मुलाला काही झालं तर कोणी काहीच करायचं नाही?

नाही, नाही आणि नाही. या पानावरची दुसरी कोणतीही ओळ लक्षात राहिली नाही तरी चालेल, पण ही राहू दे.

डीएनआर हृदय किंवा श्वास थांबल्यानंतरच्या उपायांपुरता असतो. त्याआधीचं सगळं चालू राहतं. मुलाला फिट आली तर फिटचं औषध द्यायचं, मग ते नाकातलं मिडॅझोलॅम असो की गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम जेल. धाप लागली तर ऑक्सिजन लावायचा, घशात कफ साठला तर सक्शनने काढायचा, मान आणि पाठ नीट टेकवून बसवायचं. पडून रक्त आलं तर रक्त थांबवायचं, हाड मोडलं असं वाटलं तर हात आधाराने बांधायचा. ताप, वेदना, उलटी, सगळ्यावर उपचार करायचे. आणि हात धरून जवळ बसायचं. हेही उपचारांच्या यादीत लिहून ठेवावं, कारण घाबरलेली माणसं नेमकं तेच विसरतात.

डब्यातला घास घशात अडकला तर? हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघायला हवा. घास अडकणं हा आजाराचा शेवट नव्हे, तो अपघात आहे आणि घास निघाला की मूल पुन्हा पूर्ववत होतं. त्यामुळे बहुतेक योजनांमध्ये अडकलेला घास काढण्याचे प्रयत्न करावेत असंच लिहितात. मधमाशी चावून आलेली ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया, दम्याचा झटका यांचंही तेच. पण 'ते तर सगळ्यांना कळतंच' असं गृहीत धरू नका. डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: या प्रसंगी करा, त्या प्रसंगी करू नका. कागदावर नसलेली गोष्ट आणीबाणीच्या क्षणी प्रत्येकाला वेगवेगळी आठवते.

इतकं आजारी मूल शाळेत पाठवायचंच कशाला?

हा प्रश्न शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, कधीकधी शाळाही आडून विचारते. उत्तर साधं आहे. ते मूल आहे, आणि मुलं शाळेत जातात. ल्युकेमिया पुन्हा उलटलेली मुलगी, ड्यूशेन स्नायुक्षयाने व्हीलचेअरवर आलेला मुलगा, बॅटन या मेंदूच्या आजाराने दृष्टी गेलेलं मूल, या सगळ्यांना मित्र हवे असतात. चित्रकलेचा तास हवा असतो. 'आज शाळेत काय झालं?' असं घरी कोणी विचारावं हेही हवं असतं. राहिलेले महिने घराच्या चार भिंतींत काढण्यापेक्षा वर्गात काढावेत, असं मुलाला वाटत असेल तर त्यात चुकीचं काहीच नाही.

आणि तो त्यांचा हक्क आहे. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ मध्ये आला. १९९० पासून तो आयडीईए या नावाने ओळखला जातो. पुनर्वसन कायद्याचं ५०४ वं कलम त्याहून जुनं, १९७३ चं. आजार गंभीर आहे किंवा डीएनआर आहे म्हणून सार्वजनिक शाळा मुलाला दारातून परत पाठवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना उशिरा कळते. मेडिकेड किंवा चिप या सरकारी योजनांतल्या मुलांना २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे हॉस्पिसची (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्रास कमी करणारी) सेवा आणि आजारावरचे उपचार दोन्ही एकाच वेळी घेता येतात. हॉस्पिस घेतलं म्हणजे उपचार सोडावे लागतात, ही मोठ्या माणसांसाठीची अट मुलांना तशी लागू नाही. त्यामुळे हॉस्पिसच्या नर्सची घरी भेट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची बस, हे एकाच मुलाच्या आठवड्यात सहज घडू शकतं.

सीपीआरने माणूस वाचतो ना? मग नको कशाला म्हणायचं?

निरोगी मूल पोहताना बुडालं किंवा खेळताना अचानक कोसळलं, तर सीपीआरने जीव वाचू शकतो. ते तात्काळ सुरू करायलाच हवं, आणि शाळांमध्ये एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारी) यंत्रं लावलेली असतात ती त्यासाठीच. तरीही रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या मुलांपैकी अमेरिकेत साधारण दहातलं एखादंच पुढे घरी परत येतं. त्यातही ज्याचं हृदय, फुप्फुसं किंवा मेंदू आजाराने आधीच थकले आहेत अशा मुलाची शक्यता फार कमी असते. हृदय पुन्हा सुरू झालंच तर ज्या आजाराने ते थांबलं तो आजार तिथेच असतो.

शिवाय सीपीआर ही सौम्य गोष्ट नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोल दाबायचं असतं. मोठ्या मुलात ते साधारण ५ सेंटिमीटर होतं. वर्षानुवर्षं उभं न राहिलेल्या मुलाची हाडं ठिसूळ झालेली असतात. पुढे नळी, व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग, आणि तिथे आईवडिलांना काचेबाहेर उभं राहावं लागण्याची शक्यता. काही आईवडील हे सगळं ऐकून म्हणतात, तरीही करा. काही म्हणतात, आमच्या लेकराला शेवटी एवढं सोसायला लावू नका. दोन्ही उत्तरं प्रेमातूनच येतात. बाहेरच्या कोणी त्यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक ठरवू नये.

शाळेला हा आदेश मानावाच लागतो का?

संपूर्ण देशासाठी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणारा केंद्रीय कायदा नाही. राज्याचा कायदा, स्कूल डिस्ट्रिक्टचं (त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या मंडळाचं) धोरण आणि त्या मुलाची परिस्थिती यांवर ते ठरतं.

मेरीलँड राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) १९९४ मध्ये मत दिलं की शाळेने असा आदेश स्वीकारला पाहिजे. त्याच वर्षी नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षकांच्या मोठ्या संघटनेने आपली भूमिका मांडली: पालकांची विनंती लेखी हवी, सोबत डॉक्टरांचा आदेश हवा, शाळेने एक गट नेमून लेखी योजना करावी आणि कर्मचाऱ्यांना त्याची माहिती व आधार द्यावा. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली एक प्रकरण कोर्टात गेलं. जीव वाचवणं हे आमचं धोरण आहे, त्यामुळे हा आदेश आम्ही पाळणार नाही, असं शाळेचं म्हणणं होतं. कोर्टाने पालकांचं म्हणणं उचलून धरलं. पण ते राज्यातलं कनिष्ठ पातळीवरचं कोर्ट होतं; इतर राज्यांवर तो निकाल बंधनकारक नाही.

बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, हिने २००० मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या विषयावर धोरण जाहीर केलं. शाळा, पालक, डॉक्टर आणि रुग्णवाहिका सेवा यांनी एकत्र बसून मुलाच्या भल्याची योजना करावी आणि असे आदेश शाळेत पाळले जावेत, असा त्याचा रोख आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल नर्सेस प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करायला सांगते. त्या मुलासाठी वेगळी आरोग्य योजना आणि वेगळी आणीबाणीची योजना हवी, असं या संघटनेचं म्हणणं आहे.

ही झाली कागदावरची बाजू. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ८० टक्के स्कूल डिस्ट्रिक्टांकडे याबाबत कोणतंही धोरण नव्हतं, आणि तीनचतुर्थांश डिस्ट्रिक्ट एकतर आदेश पाळणार नव्हती किंवा पाळता येईल का याबद्दल साशंक होती. पाहणी जुनी आहे. तरी तुमच्या शाळेने 'आमच्याकडे असं कधी आलंच नाही' असं सांगितलं, तर ती बहुधा टाळाटाळ नसते. खरंच आलेलं नसतं.

शाळा नाही म्हणाली तर?

आधी लेखी कारण मागा. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही. मग डिस्ट्रिक्टच्या नर्सिंग प्रमुखांकडे आणि विशेष शिक्षण विभागाकडे जा. मुलाच्या डॉक्टरांना किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) गटाला शाळेशी थेट बोलायला सांगा. पुष्कळदा नकाराच्या मागे गैरसमज असतो आणि तो डॉक्टरांच्या एका फोनने दूर होतो. त्यानंतरही अडलं तर मुलाच्या आयईपीची (विशेष शिक्षणाच्या लेखी योजनेची) किंवा ५०४ प्लॅनची (वर सांगितलेल्या ५०४ व्या कलमाखालच्या सोयींच्या योजनेची) बैठक बोलवायचा हक्क तुम्हाला आहे. त्यापुढची वाट अपंग हक्कांचं काम करणाऱ्या वकिलाची. प्रत्येक राज्यात अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी केंद्राच्या निधीतून चालणारी एक संस्था असते, तिथे विचारता येतं.

शाळेची भीतीही समजून घ्या. रुग्णवाहिकेवरच्या माणसांनी प्रामाणिकपणे डीएनआर पाळला तर राज्याचे कायदे सहसा त्यांना संरक्षण देतात. शिक्षकांचा उल्लेख त्या कायद्यांमध्ये पुष्कळदा नसतोच. उद्या कोणी खटला भरला तर, हा विचार प्रिन्सिपलच्या मनात येतो तो तिथून. तुमच्या मुलाविषयी आकस म्हणून नव्हे.

बैठकीला कोण हवं आणि काय ठरवायचं?

आईवडील, स्कूल नर्स, प्रिन्सिपल, वर्गशिक्षक, मुलाबरोबर दिवसभर असणारी मदतनीस, डिस्ट्रिक्टचा प्रतिनिधी, आणि डॉक्टर किंवा हॉस्पिसची नर्स, निदान फोनवर. स्थानिक रुग्णवाहिका सेवेचा माणूस बोलवायचं राहून जातं, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तीच. दुभाष्या हवा असेल तर मागा. शाळेने तो द्यायचा असतो. इंग्रजी उत्तम येत असलं तरी स्वतःच्या मुलाच्या मरणाविषयी परक्या भाषेत बोलताना शब्द सापडत नाहीत. त्यात कमीपणा मानू नका.

ठरवायच्या गोष्टी पुष्कळ असतात, पण जीव एका प्रश्नात आहे: नेमकं काय दिसलं की कोण काय करणार? 'मुलाची प्रकृती बिघडल्यास योग्य ती काळजी घेतली जाईल' असलं वाक्य योजनेत असेल तर ती योजना नाही. 'ओठ निळे पडले आणि श्वास मंद झाला तर मदतनीस नर्सला रेडिओवरून बोलावेल. नर्स ऑक्सिजन सुरू करेल, मग आईला आणि हॉस्पिसला फोन करेल. शिक्षिका बाकीच्या मुलांना शेजारच्या वर्गात नेईल' असं लिहिलेलं असेल तर ती योजना आहे. नर्स रजेवर असेल त्या दिवशी हे कोण करणार तेही लिहा. सगळ्या शाळांमध्ये पूर्णवेळ नर्स नसते, हे वास्तव आहे.

माझं ठाम मत असं की या बैठकीत एकदा तरी सगळा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने बोलून काढावा. कोण कुठे उभं असेल, कोणत्या दाराने कोण आत येईल, फोन कोणाच्या हातात असेल. ऐकवत नाही, खरं आहे. पण आईवडिलांसमोर हे एकदा बोललेल्या माणसांचे हात त्या दिवशी कमी थरथरतात.

९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा की नाही?

योजनेत जे ठरलं असेल ते. बऱ्याच शाळा फोन करायचाच असा नियम ठेवतात आणि तो आदेशाच्या आड येतोच असं नाही. रुग्णवाहिकेची माणसं वेदना कमी करू शकतात, ऑक्सिजन देऊ शकतात, मुलाला रुग्णालयात नेऊ शकतात.

अडचण वेगळी आहे. ते आले आणि त्यांच्या राज्यात मान्य असलेला कागद समोर नसेल, तर ते सीपीआर सुरू करतील. शिक्षिका रडून सांगत राहिली तरी थांबणार नाहीत. थांबण्याची मुभा त्यांना नाही. म्हणून मूळ कागद किंवा राज्याला मान्य असलेली प्रत ठरलेल्या जागी हवी, आणि ती जागा ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात नको. काही राज्यांत मुलाच्या मनगटात घालायचं अधिकृत ब्रेसलेट मिळतं, ते खूप कामाचं.

रुग्णालयातला डीएनआर शाळेत चालतो का? भारतातल्या डॉक्टरांचं पत्र?

दोन्ही बहुधा चालत नाहीत. रुग्णालयातला आदेश त्या रुग्णालयापुरता आणि त्या मुक्कामापुरता असतो. बाहेर चालण्यासाठी राज्याचा वेगळा फॉर्म लागतो. रुग्णालयाबाहेरचा डीएनआर तो हाच, किंवा मग पोल्स्ट किंवा मोल्स्ट, म्हणजे कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत हे सांगणारे, डॉक्टरांच्या सहीचे फॉर्म. पोल्स्टची सुरुवात १९९० च्या दशकाच्या आरंभी ओरेगॉनमध्ये झाली आणि तिथून ती कल्पना देशभर पसरली. काही राज्यांत अल्पवयीन मुलांसाठी या फॉर्मचे नियम वेगळे असतात, कुठे जास्तीच्या सह्या लागतात. भारतातल्या डॉक्टरांचं पत्र इथल्या डॉक्टरांना आजाराचा इतिहास समजायला उपयोगी पडेल, पण आदेश इथे परवाना असलेल्या डॉक्टरांनीच लिहायला हवा.

मी वर्गशिक्षिका आहे. माझ्या डोळ्यांसमोर मूल जाईल आणि मी हात बांधून उभी राहायचं? माझ्याने होणार नाही.

तुमचं हे म्हणणं बैठकीत मांडा, आत दाबून ठेवू नका. तुम्ही मुलांना शिकवायला आलात, हे प्रशिक्षण तुम्हाला कोणी दिलेलं नाही. ज्या मुलाच्या बुटाची नाडी तुम्ही रोज बांधता त्याच्याविषयी असं वाटणं अगदी माणसासारखं आहे.

पण हात बांधून उभं राहायचंच नाहीये. त्या क्षणी मुलाला वेदना होऊ नयेत, त्याला एकटं वाटू नये, ओळखीचा आवाज कानावर पडावा, हे काम कोणीतरी करायचं आहे. ते लहान काम नाही. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा मनाने हे अजिबात झेपत नाही त्यांना आधीच सांगण्याची मोकळीक असावी आणि त्यांच्या जागी दुसरं माणूस नेमलं जावं. मात्र हे आधी सांगायचं असतं. प्रसंग आल्यावर स्वतःच्या मनाने सीपीआर सुरू करणं म्हणजे मुलाच्या आईवडिलांनी कित्येक रात्री जागून घेतलेला निर्णय मोडणं.

आणि नंतर तुम्हालाही आधार लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर कोण जाणार, समुपदेशक कोण, सुट्टी मिळेल का, हे योजनेतच लिहून घ्या.

शाळेतच मूल गेलं तर पुढे काय होतं?

हा प्रश्न विचारायला कोणी धजावत नाही, म्हणून उत्तर थोडं सविस्तर.

मुलाला हलवायची घाई करायची नसते. बाकीची मुलं हलवायची. शिक्षिका त्यांना शांतपणे ग्रंथालयात किंवा जिममध्ये नेते आणि नर्स किंवा मदतनीस मुलाजवळ थांबते. आईवडिलांना फोन ठरलेलं एकच माणूस करतं. तो नंबर कोणाचा, पहिला कोणाला लावायचा, गाडी चालवत असतील तर काय सांगायचं, हे आधी ठरलेलं असावं.

मृत्यू झाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार सहसा स्कूल नर्सला नसतो. तो कोणाला आहे हे राज्यावर अवलंबून असतं; हॉस्पिसमध्ये असलेल्या मुलाच्या बाबतीत हॉस्पिसची नर्स येऊ शकते. अचानक झालेल्या मृत्यूची कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनरकडे (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) नोंद लागते, म्हणून त्या कार्यालयाशीही डॉक्टरांनी आधी बोलून ठेवलेलं बरं. नाहीतर पोलिसांच्या चौकशीला तोंड देण्याची वेळ आईवडिलांवर नेमकी तेव्हाच येते. रुग्णवाहिका बऱ्याच ठिकाणी मृत व्यक्तीला नेत नाही. मग फ्युनरल होमची (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेची) गाडी कोणत्या दाराने येईल, तोवर मुलाला कोणत्या खोलीत ठेवायचं, आईवडिलांना तिथे बसायला किती वेळ मिळेल, हे प्रश्न उरतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'त्यांना हवा तेवढा' असंच असावं, असं मला मनापासून वाटतं. वेळापत्रक थांबू शकतं.

वर्गातल्या इतर मुलांना काय सांगायचं?

मुलाच्या हयातीत डीएनआरविषयी वर्गाला काहीही सांगायचं कारण नाही. मृत्यूनंतर मात्र खरं आणि सोप्या शब्दांत सांगावं: 'आपला मित्र वारला. त्याचं शरीर खूप आजारी होतं. डॉक्टरांना ते बरं करता आलं नाही.' लहान मुलांना 'तो झोपला' असं सांगू नये. ती मग रात्री झोपायला घाबरतात. आजार संसर्गजन्य नव्हता आणि यात कोणाचीही चूक नव्हती, ही दोन वाक्यं न विचारता सांगावीत. पालकांना त्याच दिवशी पत्र जावं, आणि त्यातला मजकूर कुटुंबाला आधी दाखवलेला असावा.

शाळेत कोणाकोणाला कळणार?

ज्यांना कळल्याशिवाय योजना चालणार नाही तेवढ्यांनाच. शाळेतल्या आरोग्याच्या नोंदींना बहुतेक वेळा १९७४ च्या फर्पा या शाळेतल्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याचं संरक्षण असतं. आपल्या मराठी मंडळात ही गोष्ट कोणाला सांगायची, की सांगायचीच नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न.

मुलाला विचारायचं का?

समजण्याइतकं मोठं असेल तर विचारायचं. आपल्या घरांमध्ये मुलापासून आजार लपवायची सवय आहे आणि ती मायेपोटीच आहे. पण दहा-बारा वर्षांचं, कित्येक वर्षं रुग्णालयात ये-जा केलेलं मूल आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त जाणतं, आणि आईबाबांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहतं. संमतीची सही आईवडिलांचीच लागते, पण मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं बालरोगतज्ज्ञही सांगतात. हे बोलणं एकट्याने सुरू करायची गरज नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या गटातले लोक यात मदत करतात.

अठरा वर्षं पूर्ण झाली की चित्र बदलतं. विशेष शिक्षण घेणारे विद्यार्थी एकविसाव्या वर्षापर्यंतही शाळेत असू शकतात. पण अठरा पूर्ण झालेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या तरुणाचा आदेश त्याच्याच संमतीने होतो. तो निर्णय घेऊ शकत नसेल तर आईवडिलांना कोर्टाकडून पालकत्व घ्यावं लागू शकतं. त्याला महिने लागतात, म्हणून सतराव्या वर्षीच विचारा.

आईवडिलांचं एकमत नसेल तर?

तर आदेश लिहून घेण्याची घाई करू नका. रुग्णालयाची एथिक्स समिती, समाजसेवक, पॅलिएटिव्ह गट यांच्यासोबत पुन्हा बसा. घटस्फोट झाला असेल तर वैद्यकीय निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे हे कोर्टाच्या कागदात पाहा आणि त्याची प्रत शाळेला द्या. आजी-आजोबांना मत असतं, दुःखही असतं, पण कायद्याने निर्णय त्यांचा नाही. त्यांना शेवटी आणि परस्पर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून आधी कळू दे.

हे सगळं अपंग मुलांच्याच बाबतीत का? त्यांच्या जिवाचं मोल कमी का?

अपंग हक्कांसाठी लढणाऱ्यांनी हा प्रश्न पोटतिडकीने विचारला आहे आणि तो विचारत राहायला हवा. बोलता येत नाही, चालता येत नाही म्हणून डीएनआर, हे कधीही मान्य होता कामा नये. अपंगत्व हे कारण असूच शकत नाही. सीपीआरचा या मुलाला फायदा होण्याची शक्यता नाही, किंवा त्यातून होणारा त्रास फायद्याहून मोठा आहे, हेच कारण असू शकतं. डॉक्टरांनी विषय काढला तर विचारा: 'हाच आजार नसता, फक्त अपंगत्व असतं, तरी तुम्ही हेच सुचवलं असतं का?' उत्तर देताना ते अडखळले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि डीएनआर द्या म्हणून शाळेने कधीही दबाव आणायचा नाही. तो विषय शाळेने काढायचाच नसतो.

आमचं मन बदललं तर?

आदेश कधीही रद्द करता येतो, तोंडी सांगूनही. प्रसंग घडत असताना तुम्ही तिथे असाल आणि 'करा' म्हणालात तर करतील. रद्द केल्यावर मात्र शाळेतली, बसमधली, घरातली प्रत्येक प्रत परत घ्या. मन बदललं नाही तरी वर्षातून एकदा, आणि प्रकृतीत मोठा फरक पडला की लगेच, डॉक्टरांबरोबर आदेश पुन्हा वाचा.

बस, सहल, बदली नर्स यांचं काय?

योजना बहुतेकदा इथेच फसते. बसचालकाला आणि बसमधल्या मदतनिसाला माहिती हवी, प्रत हवी, आणि गाडी कुठे थांबवायची ते ठरलेलं हवं. सहल दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर तिथे तुमचा फॉर्म मान्य आहे का हे आधी विचारून घ्या. बदली नर्ससाठी पहिल्या पानावर मुलाचा फोटो आणि चार ओळी पुरतात.

मुलगा पुढच्या वर्षी मिडल स्कूलला जाईल. योजना आपोआप पुढे जाते का?

नाही. फाईल जाते, माणसं जात नाहीत. नव्या शाळेची नर्स, नवा प्रिन्सिपल, नवी मदतनीस यांच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून बैठक घ्यावी लागते. ती मे महिन्यात, जुन्या शाळेची नर्स हजर असताना घेतलेली उत्तम. डिस्ट्रिक्ट बदलत असेल तर नवं धोरण लेखी मागा आणि त्या भागातल्या रुग्णवाहिका सेवेला फॉर्मची प्रत शाळा उघडण्याआधी पोहोचवा.